आजोबांच्या मागची नावं कुठे शोधायची?

मुलाच्या ॲडमिशनची वेळ आली की आपल्या घरांत वंशावळीची धावपळ सुरू होते. बागवान, तांबोळी, आतार अशा ओबीसी बिरादरींना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला सापडला नाही, तर तहसीलमध्ये गाव नमुना १४ मागा. त्यात गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी असतात. बरीच पानं मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा.

काझी, मुलाणी, खतीब घराण्यांचे कागद याहून जुने निघू शकतात. त्यांच्या इनाम-वतनाच्या नोंदींसाठी पुण्याचं पेशवे दप्तर बघावं. जाताना गाव आणि तेव्हाचा तालुका लिहून न्या, नाहीतर दिवस फुकट जातो.

छापील घराणे-इतिहास आपल्यात कमीच. मुंबईच्या तय्यबजी भाईमियांचं आत्मचरित्र मात्र आसफ फैजींनी संपादित केलं आणि एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून ते छापून आलं. नमुना म्हणून ते जरूर बघावं.

घरच्या शजऱ्यात बहुतेक वेळा लेकींची नावंच नसतात. नानीचं, परनानीचं नाव वडिलांच्या नावासकट मिळतं ते निकाहनाम्यात. आपल्या जमातीचं जुनं निकाह रजिस्टर कुणाच्या कपाटात आहे, ते या जुम्म्याला विचारा. वाळवी लागण्याआधी मोबाईलवर पानन् पान टिपून घ्या.