ढग वरून, ढग खालून

लेखमाला ‘माथ्यावरचं आभाळ’ : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण इन्सॅट-३डीएसची ओळख करून घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून डोंबिवलीवरचा ढग टिपतो. पण त्याला दिसतो तो ढगाचा माथा. वर ढगांचा जाड थर असेल, तर त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी खाली कुणीतरी मान वर करून उभं असावं लागतं. या कामाला शाळकरी मुलं उत्तम.

नासाने हे १९९७ मध्येच ओळखलं. उपग्रह डोक्यावरून जाताना मुलांनी ढगांचा प्रकार आणि व्याप्ती नोंदवायची, आणि त्यावरून उपग्रहाची मापनं पडताळायची, असा तो प्रकल्प होता. पुढे तो ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाला. ‘ग्लोब’मध्ये भारत २००० पासून आहे. आज मोबाइलवर नोंद करता येते, आणि वेळ जुळली तर उपग्रहाला त्या वेळी काय दिसलं, हे ईमेलने कळतं.

ठाणे-कल्याण पट्ट्यात मात्र मला ढगांपेक्षा जमिनीच्या तापमानाचा प्रकल्प जास्त मोलाचा वाटतो. लॅण्डसॅट ८ आणि ९ हे दोन उपग्रह मिळून दर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास इथून जातात. त्यांची चित्रं फुकट मिळतात. त्यांच्या औष्णिक कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर १०० मीटर लांब-रुंद, म्हणजे अडीच एकर. डोंबिवलीत तेवढ्या जागेत शेडचे पत्रे, डांबरी रस्ता, इमारतीची गच्ची आणि चार गुलमोहर सहज मावतात. उपग्रह या सगळ्यांचा मिळून एकच आकडा देतो. पत्रा किती आणि सावली किती, हे खाली उभ्या असलेल्या मुलांनीच सांगायचं.

हा आकडा पृष्ठभागाचा असतो, हवेचा नव्हे. बातम्यांमध्ये ही गल्लत सर्रास होते. पत्रा आणि हवा दोन्ही स्वतः मोजलेली मुलगी ती गल्लत पुन्हा करणार नाही.

जमिनीचं तापमान मोजायचं साधन म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडात कपाळावर धरलेली ‘बंदूक’ चालत नाही. ती तापासाठी बनवलेली, तापलेल्या पत्र्यापुढे हात टेकते. कारखान्यात वापरतात तो प्रकार हवा. ठाण्यातल्या शाळांना तुलनेला येऊरचं जंगल आणि खाडीची कांदळवनं आहेत. पावसाळ्यात हे काम बंद, कारण ढगांआडून लॅण्डसॅटला जमीन दिसत नाही. उल्हास नदीचा पूर पाहायचा तर ढगांआरपार पाहणारा रडारवाला सेंटिनेल-१ उपग्रह लागतो. त्याबद्दल पुढच्या भागात.

हे सगळं एका दिवसाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करू नये. थर्मोकोलचा उपग्रह टांगून टाळ्या मिळतात, विदा मिळत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांचे असेच परिसरातले प्रकल्प मागते. २०१४ आणि २०१५ मध्ये तिचा विषयच हवामान समजून घेण्याचा होता.

शिक्षकांनो, नोव्हेंबरात सुरुवात करा. तीच जागा, तीच वेळ, मे अखेरपर्यंत. आणि वहीतला चुकलेला आकडा खोडू नका. शेजारी कारण लिहा.