पाणी मुरविणाऱ्या माळ्याचे प्रमाणपत्र



माळ्याला प्रमाणपत्र कशाला, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. वैद्याला ते असावे, वकिलाला सनद असावी, घरात वीज खेळविणाऱ्याला परवाना असावा, हे आपल्याला पटते. कारण त्यांची चूक आपल्या अंगावर येते. बागेत चूक झाली तर फार तर चार रोपे मरतील! परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असा एक मुलूख आहे की, जेथे माळ्याची चूक कित्येक कोसांवरच्या खेकड्यांना आणि कालवांना भोवते. तो मुलूख म्हणजे चेसापीकच्या खाडीचे पाणलोट क्षेत्र.

या खाडीची लांबी सुमारे 320 किलोमीटर. पण खोली सरासरी अवघी साडेसहा मीटर. तिच्याकडे पाणी वाहून आणणारी जमीन मात्र सुमारे 1,65,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी अधिक. न्यूयॉर्कपासून व्हर्जिनियापर्यंतच्या सहा राज्यांचे भाग आणि राजधानी वॉशिंग्टन तीत येतात. पाणी उथळ आणि जमीन अफाट, हीच या खाडीची मूळ अडचण होय. एवढ्या जमिनीवरचा मळ धुऊन आला की तो पोटात घालण्याइतके पाणी तिच्यापाशी नाही.

आता हा मळ येतो कसा ते पाहू. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली येते. पूर्वी ते रानात मुरत असे. आज छप्पर, फरसबंदी अंगण, डांबरी रस्ता अशा वाटेने धावत ते गटारात आणि गटारातून ओढ्यात जाते. जाताना हिरवळीवर टाकलेले खत आणि सैल माती बरोबर नेते. खतातील नत्र व स्फुरद यांवर पाण्यात शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव गुदमरतात. शेतीचा वाटा यात मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. पण शहरांचाही आहे. म्हणून डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने खाडीला मर्यादा आखून दिल्या: नत्र 25 टक्क्यांनी, स्फुरद 24 टक्क्यांनी, गाळ 20 टक्क्यांनी कमी व्हावा, आणि त्यासाठीच्या सर्व योजना 2025 पर्यंत उभ्या राहाव्यात. ही मुदत संपली तेव्हा सर्व उद्दिष्टे काही पुरी झाली नव्हती.

शहरांच्या वाट्याला आलेल्या उपायांपैकी एक मोठा चतुर उपाय म्हणजे पावसाचा बगीचा. मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात 1990 च्या सुमारास याची सुरुवात झाली. तेथील सॉमरसेट नावाच्या वसाहतीत घरोघर असे वाफे करण्यात आले. वाफा वीतभर खोलगट असतो. त्यात वाळूमिश्रित माती, वर सालीचे आच्छादन आणि त्या भूमीतलीच झाडे. पन्हळीचे पाणी आत येते, थबकते, एकदोन दिवसांत मुरते. जास्तीचे सांडव्यावाटे निघून जाते. डासांची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण अंड्याचा डास होण्यास साधारण आठवडा तरी लागतो.

आपल्याकडे ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे कोणी म्हणाले की संशयाला जागा होते. येथे नेमके उलट आहे. पाणी मुरत नसेल तरच माळ्याकडे संशयाने पाहावे! आणि ते न मुरण्याची कारणे अगदी क्षुल्लक दिसणारी असतात. खणणारे अवजड यंत्र एकदा वाफ्याच्या तळावरून फिरले की माती चोपली जाते आणि वर कितीही वाळू घातली तरी खाली पाणी जात नाही. शेजारचे बांधकाम संपण्यापूर्वीच पाण्याचे तोंड वाफ्याकडे वळविले, तर पहिल्याच सरीचा गाळ मातीची छिद्रे बुजवितो. आत येण्याचे तोंड दोन बोटे उंच राहिले तर पाणी वाफ्याला वळसा घालून थेट गटार गाठते. बाग सुकते आणि कागदावर मात्र योजना पुरी झालेली असते. नेहमीच्या सवयीने कोणी वाफ्यात खत टाकतो, म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून बाग केली, तोच रोग हौसेने आत भरतो. स्वॅम्प मिल्कवीड नावाची एक वनस्पती आहे. तिच्यावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या वाढतात. ती मुद्दाम लावलेली असते, आणि नवखा मजूर तण समजून तीच प्रथम उपटतो. हे काम न जाणणारा मनुष्य आळशी असतो असे नव्हे. पुष्कळदा फार कामसू असतो, आणि तेच नडते.

या हातांना शिकवावे म्हणून 2015 नंतरच्या वर्षांत तेथे ‘चेसापीक बे लँडस्केप प्रोफेशनल’ हे प्रमाणपत्र सुरू झाले. पहिल्या पायरीवर पाणलोटाची, मातीची आणि झाडांची मूलभूत ओळख; दुसऱ्या पायरीवर आराखडा, उभारणी आणि देखभाल यांचे अधिक सखोल शिक्षण; आणि प्रत्यक्ष कुदळ-खुरपे धरणाऱ्या तुकडीसाठी वेगळे प्रशिक्षण. परीक्षा द्यावी लागते, आणि पुढेही शिकत राहून प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. परवाना नसेल तर धंदाच करता येत नाही. हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते नसलेल्या माळ्याला कोणी बाग करण्यापासून अडवीत नाही. मग त्याचा उपयोग काय? वॉशिंग्टन शहरात आणि शेजारच्या माँटगोमेरी परगण्यात घरमालकाने पाऊस मुरविणारी बाग केली तर सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळते. लोकांचा पैसा जमिनीत पुरायचा, आणि पुरल्यावर काम तर डोळ्यांना दिसत नाही. वरून पाहता बरा वाफा आणि बिघडलेला वाफा दोन्ही सारखेच फुललेले! अशा वेळी काम कोणाला सांगावे, याला प्रमाणपत्र हा एक आधार होतो.

प्रमाणपत्राने प्रामाणिकपणा येतो असे मला वाटत नाही. लहान कंत्राटदाराला शुल्क आणि बुडालेले दिवस दोन्ही जड जातात, हा आक्षेपही खराच आहे. परंतु मला त्याहून मोठी उणीव दिसते ती अशी की, आराखडा काढणारा प्रमाणित असतो, आणि तीन वर्षांनी तण काढायला येणारा मनुष्य तिसराच असतो. त्या मजुरांपैकी अनेकांची बोली स्पॅनिश. पुस्तकी इंग्रजीत घेतलेली परीक्षा त्यांच्या इंग्रजीचीच होईल. मातीचे ज्ञान बाजूला राहील. म्हणून या साऱ्या योजनेत मजुरांच्या तुकडीचे प्रशिक्षण मला अधिक मोलाचे वाटते. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर वाफ्यात पाणी उरले आहे काय, तोंडाशी पाने अडकली आहेत काय, हे पाहायला तेथे जातो तो तोच मनुष्य.