शिरढोणचा कारकून आणि आईचे औषध

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे, याच रस्त्यावर शिरढोण हे गाव आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. फडके सर्वांना ठाऊक आहेत ते सशस्त्र बंडाचे आद्य प्रवर्तक म्हणून. परंतु बंडापूर्वी ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, आणि त्या कारकुनाची एक हकीगत त्यांच्या चरित्रांतून हमखास सांगितली जाते. गावी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आईने देह ठेवला होता. पुढील वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली.

परकीय सत्तेच्या निष्ठुरतेचा दाखला म्हणून ही घटना सांगितली जाते, आणि ते यथार्थच आहे. तथापि ती सत्ता जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या हकिगतीतला मूळ प्रश्न जागच्या जागीच आहे. नोकरीच्या पाठीमागे घराबाहेर असलेल्या माणसाने घरी आजारी असलेल्या आईची शुश्रूषा करावी कशी? फडक्यांच्या काळी या प्रश्नाचे उत्तर रजेच्या एका अर्जात मावत होते. आज ते तेवढ्यात मावत नाही, कारण आजारपणाचेच रूप बदलले आहे. तेव्हाचे दुखणे बहुधा दिवसांत किंवा आठवड्यांत इकडे नाही तर तिकडे लागे. आजचे दुखणे दहा-पंधरा वर्षे मुक्काम करते. रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि पुढे विस्मरण, असा हा परिवार असतो; आणि औषध घेणे हे त्या घरातले रोजचे काम होऊन बसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात तर दर शंभरांत जवळजवळ दहा. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे.

कर्नाळा, शिरढोण, तारा या पट्ट्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून पनवेल परिसराचे रूप पालटत गेले. शेतीवर राबणाऱ्या घरांतील पुढची पिढी कचेऱ्या, कारखाने, बंदर आणि गोदामे यांच्या आश्रयाला गेली. मुलगा सकाळी सातला घर सोडतो, सूनही नोकरीला जाते, नातवंडे शाळेत. दिवसभर घरात उरते ती म्हातारी आई आणि खुंटीला टांगलेली गोळ्यांची पिशवी. या पिशवीत काय आहे, हे घरातल्या कोणालाही नीट सांगता येत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

हृदयासाठी एक डॉक्टर, गुडघ्यांसाठी दुसरे, डोळ्यांसाठी तिसरे. एकाने काय दिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी पिशवीत येते आणि आई दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत राहते. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसताना घेतल्यास रक्तातील साखर धोक्याइतकी खाली येते. संकष्टी-एकादशी न चुकवणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलेले नसते. रक्तदाबाच्या औषधाने उठताना घेरी येते, ती न्हाणीघरात पडते, खुब्याचे हाड मोडते. घरची माणसे ओल्या फरशीला दोष देतात. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाबाच्या औषधाचा गुण मारते आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. संधिवातासाठी दिली जाणारी एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास प्राणावर बेतते. इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० एकक आणि १०० एकक. पहिलीच्या सुईला लाल टोपण, दुसरीच्या सुईला नारिंगी. सुयांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट होते किंवा निम्म्याहून कमी भरते. यांतील एकही चूक निष्काळजी कुटुंबातच होते असे नाही. मायेने भरलेल्या घरांतही ती होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम हाती घेतली, ती उगाच नव्हे.

याला तोड आहे, आणि ती खर्चाची नाही. शाळेत हजेरीपत्रक आणि कचेरीत आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्या वर्गाला ती शिकवावी लागू नये. एका वहीत प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कोणी दिले एवढे पाच रकाने असावेत. औषधांची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीवर असावी. सर्वांवर सोपवलेले काम कोणाचेच नसते. सात दिवसांच्या खणांची डबी रविवारी भरून ठेवावी, म्हणजे गोळी घेतली की राहिली हा वाद उरत नाही. अक्षरओळख नसलेल्या आईसाठी पाकिटावर उगवता सूर्य किंवा चंद्रकोर काढली तरी पुरते. आणि दर तीन-चार महिन्यांनी सगळी पिशवी उचलून एका डॉक्टरांपुढे रिकामी करावी व विचारावे, यांतले काय बंद करता येईल? औषध सुरू करणारे पुष्कळ असतात. थांबवणारा शोधावा लागतो. मात्र स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

त्या पिशवीत काढे, चूर्णे आणि आसवेही आली पाहिजेत. ज्या पनवेलात कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय कारखाना सुरू केला, त्या मुलखात घरगुती व आयुर्वेदीय औषधे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि म्हणूनच लोक त्यांची गणना औषधांत करीत नाहीत. डॉक्टरांनी विचारले तरी त्यांचा उल्लेख होत नाही. यात त्या औषधांची निंदा नाही. दोन उपचारपद्धतींची गाठ एकाच शरीरात पडते, तेव्हा दोन्हींकडच्या वैद्यांना ते ठाऊक असावे, एवढेच.

आणखी एक गोष्ट वहीत मावत नाही. अनेक वृद्ध मुलाचा खर्च वाचावा म्हणून गोळी अर्धी करून घेतात किंवा एक दिवसाआड घेतात, आणि विचारल्यास घेतली म्हणून सांगतात. ज्या आईने आयुष्यभर सर्वांना वाढून उरलेले खाल्ले, तिने औषधातही तेच करावे, यात नवल नाही. तिच्यावर पाळत ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. औषध कशासाठी आहे, त्याला किती पैसे पडतात आणि ते न घेतल्यास पुढचा खर्च किती मोठा येतो, हे तिला समजावून सांगणे हा उपाय आहे. वृद्धापकाळ म्हणजे बालपण नव्हे. आपल्या शरीरात काय जाते हे जाणण्याचा हक्क वयाबरोबर सरत नाही.

येथवर झाला तो घराच्या उंबऱ्याआतला विचार. परंतु डबी भरणारे हात कोणाचे? आईवडिलांची कावड खांद्यावर वाहणारा श्रावणबाळ हा आपल्या समाजाचा आदर्श. शासनाच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेलाही त्याचेच नाव आहे. प्रत्यक्षात मराठी घरांत ती कावड बहुधा सुनेच्या किंवा लेकीच्या खांद्यावर असते. ती नोकरी करीत असेल तर तिची रजा कापली जाते, करीत नसेल तर तिचे श्रम मोजलेच जात नाहीत. ज्यांना परवडते ते ब्यूरोकडून बाई आणतात. बारा तासांची पाळी, शिक्षण बेताचे, कामाची लेखी यादी नाही. आजीला उचलून बसवताना स्वतःची पाठ कशी सांभाळावी, हेसुद्धा तिला कोणी शिकवलेले नसते. तिच्या स्वतःच्या घरीही एखादी म्हातारी सासू एकटी बसलेली असू शकते. अशा सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि त्यांना किमान दर्जा बांधून द्यावा, अशी तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत झाले नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यान्वये न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्यास भाग पाडू शकते. लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपात २०२० मध्ये सुरू केली. त्यांत शिक्षकही होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाला खचितच खटकली असेल. आसामने २०१७ मध्ये सरकारी नोकरांसाठी याच धर्तीवर कायदा केला. हे सर्व योग्यच आहे. पण शिक्षेचा उपयोग ज्यांना सांभाळायचे नाही त्यांच्यापुरता. ज्यांना सांभाळायचे आहे पण जमत नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी कायद्याच्या पुस्तकात फारसे काही नाही.

रजेचेच पाहा. केंद्र सरकारने २००८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी मात्र केंद्रात तशी स्वतंत्र रजा नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत या संबंधी प्रश्न निघाला, तेव्हा वर्षाकाठी मिळणारी ३० दिवसांची अर्जित रजा यासाठीही वापरता येते, असे उत्तर मिळाले. म्हणजे माणसाची स्वतःची विश्रांती हीच आईच्या दुखण्याची तरतूद! खाजगी नोकरीतल्यांना तर तेवढीही शाश्वती नाही.

आरोग्ययंत्रणेचेही असेच आहे. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया त्यात बसते. तो खुबा मोडू नये म्हणून महिन्यातून एकदा घरी येऊन गोळ्यांची पिशवी तपासणारी परिचारिका त्यात बसत नाही. केरळने मात्र हे करून दाखवले आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टर व स्वयंसेवक यांनी सुरू केलेल्या कामातून तेथे घरपोच शुश्रूषेची चळवळ उभी राहिली. २००८ मध्ये सरकारने तिला धोरणाचे रूप दिले, आणि ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारी जाऊ लागल्या.

कर्नाळ्याच्या परिसरात असे काही रुजणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने डॉ. जी. जी. परीख यांच्या नेतृत्वाखाली येथील तारा गावी रुग्णालय उभारले, शाळा व ग्रामोद्योग चालवले. पाया आहे; आशा सेविका गावोगाव आहेत; आरोग्य उपकेंद्रे आहेत. उपकेंद्राच्या हद्दीतील एकट्या व परावलंबी वृद्धांची यादी, महिन्याला एक गृहभेट, औषधांची एक तपासणी आणि घरच्या माणसांना दोन दिवसांचे प्रशिक्षण, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्याला नव्या इमारती लागत नाहीत. पुरेशी माणसे आणि त्यांना वेळेवर वेतन मात्र लागते.

वेतनश्रेणी, महागाई भत्ता, जुने निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी शिक्षकांच्या व कारकुनांच्या संघटना वेळोवेळी रस्त्यावर आल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक मागण्या त्यांनी पदरात पाडून घेतल्या. त्यांच्या मागणीपत्रकात आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला पंधरा दिवसांची स्वतंत्र रजा, स्त्री-पुरुष दोघांनाही, हे एक कलम आता आले पाहिजे. शिरढोणच्या कारकुनाला रजा नाकारणारा साहेब परका होता. आज अर्ज लिहिणाराही आपला आहे आणि त्यावर शेरा मारणाराही आपलाच. आणि त्या दोघांच्याही घरी, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, दुपारच्या गोळीची वेळ झाली की नाही याचा अंदाज घेत एक म्हातारी आई बसलेली आहे.