विश्लेषण : खाडीत आधी वाट कुणी द्यायची? इंजिनवाल्याने की शीडवाल्याने?

कल्याण-डोंबिवली-ठाणे-वसई या खाडीपट्ट्यात प्रवासी जलवाहतूक सुरू करण्याची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. डोंबिवलीत जेट्टीचा प्रस्ताव आहे, वसई-भाईंदरदरम्यान रो-रो धावू लागली आहे. पण या पाण्यात आधीपासून वल्ह्याच्या होड्या आहेत, जाळी टाकून बसलेले मच्छीमार आहेत, रेतीच्या बार्ज आहेत. वेगवान बोट आणि संथ होडी एकाच पाण्यात समोरासमोर आल्या तर कुणी थांबायचे, कुणी वळायचे? त्याचे नियम काय आणि नियमांपलीकडचे सौजन्य म्हणजे काय, याचा हा आढावा...

हा प्रश्न आत्ताच का?

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर केले. त्यातील ५३ क्रमांकाचा जलमार्ग म्हणजे कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी. त्याची लांबी सुमारे १४५ किलोमीटर. पहिल्या टप्प्यात मीरा-भाईंदर, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली अशा चार ठिकाणी जेट्टी उभारण्याचा प्रस्ताव आहे. लोकलची गर्दी आणि शिळफाट्याची कोंडी सोसणाऱ्या डोंबिवलीकरांना हा पर्याय हवाच आहे.

मात्र खाडी हा रिकामा रस्ता नाही. मोठागावच्या रेतीबंदरापासून घोडबंदरपर्यंत दोन्ही काठांवर आगरी-कोळी गावे आहेत. तिथल्या अनेकांची होडी लहान, काही वल्ह्यावर चालणारी, काहींना छोटे इंजिन. मुंबई बंदरात तर गेटवेच्या आसपास प्रवासी लाँच, स्पीडबोटी, क्लबच्या शिडाच्या नौका, मच्छीमार ट्रॉलर आणि मोठी मालवाहू जहाजे एकाच वेळी असतात. उद्या खाडीतही अशीच सरमिसळ होईल. त्याआधी काही सवयी लागलेल्या बऱ्या.

‘नीलकमल’ दुर्घटनेने काय शिकवले?

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवेवरून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरील नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. शंभरहून अधिक प्रवासी असलेली बोट उलटली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाने लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

ही घटना कुणी कुणाला वाट द्यायची, या वादातून घडलेली नव्हती. तरी तिने एक गोष्ट दाखवून दिली. वर्दळीच्या पाण्यात वेग असला की चूक सुधारायला वेळ उरत नाही. साधा हिशेब पाहा. २५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. या वेगाने बोट ५०० मीटर अंतर ३९ सेकंदांत कापते. ताशी चार किलोमीटरने वल्हवणारा माणूस तेवढ्या वेळात जेमतेम ४३ मीटर सरकतो. म्हणजे टक्कर टाळणे त्याच्या हातात जवळपास नसतेच. ते वेगवान बोटीच्याच हातात असते.

पाण्यावर वाहतुकीचे नियम असतात का?

असतात, आणि ते जगभर जवळपास सारखेच आहेत. समुद्रातील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. भारतानेही ते स्वीकारले आहेत. नद्या-खाड्यांतील जलमार्गांसाठी याच धर्तीचे नियम आहेत. शिवाय १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्गत जलयान कायदा, २०२१ मध्ये यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची तरतूद आहे. राज्यात याची जबाबदारी प्रामुख्याने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते.

रस्त्यावर आपण डावीकडून चालतो. पाण्यावर मात्र अरुंद मार्गात उजव्या काठाला धरून जायचे असते. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे. दोन यांत्रिक बोटींचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते, तिने वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचे. मागून येणारी नौका शिडाची आणि पुढची इंजिनाची असली तरी हा नियम बदलत नाही.

मग शीडवाल्याला नेहमीच पहिला मान?

गैरसमज होतो तो इथेच. सर्वसाधारण नियम असा की, इंजिनाच्या बोटीने शिडाच्या नौकेला, जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या बोटीला आणि ज्या नौकेला वळणे शक्य नाही अशा नौकेला वाट द्यावी. शिडाच्या नौकेनेही मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते. म्हणजे खाडीत जाळी टाकून बसलेला मच्छीमार शीडवाल्याच्याही वरचा.

पण याला मोठा अपवाद आहे. जी मोठी नौका फक्त खोल, अरुंद मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकते, तिची वाट शिडाच्या नौकेने, २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा मच्छीमाराने अडवायची नाही. भरलेली रेतीची बार्ज किंवा रो-रो ओहोटीच्या वेळी कडेला घेतली तर गाळात रुतेल. शीडवाला ‘माझा मान पहिला’ म्हणून तिच्यासमोर आडवा आला तर चूक त्याची. तसेच शीड उभारलेले असले तरी इंजिन चालू करून नौका पुढे जात असेल तर नियमाच्या दृष्टीने ती इंजिनाचीच बोट. तिला शिडाची सवलत मिळत नाही.

महत्त्वाचे म्हणजे हे नियम हक्काची भाषा बोलत नाहीत, ते जबाबदारी ठरवतात. ज्याला वाट मिळणार त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. मात्र समोरचा वळत नाही असे दिसले तर त्यानेही टक्कर टाळण्यासाठी हालचाल करायची. ‘नियम माझ्या बाजूने होता’ हे सांगायला आधी माणूस वाचला पाहिजे.

शिडाची नौका अशी नागमोडी का जाते?

इंजिनवाल्यांची नेहमीची तक्रार असते की शीडवाला सरळ जात नाही, मध्येच वळतो. त्याचे कारण वाऱ्यात आहे. वारा जिथून येतो त्या दिशेने थेट शीड चालत नाही. साधारण ४५ अंशांच्या कोनात आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असे नागमोडी जावे लागते. त्यामुळे अरुंद पाण्यात काठ जवळ आला की त्याला वळणे भाग असते. वारा पडला तर तो जागच्या जागी अडकतो आणि ओहोटीबरोबर वाहत जातो.

म्हणून इंजिनवाल्याने शिडाच्या नौकेच्या पुढून जाण्याऐवजी मागून जावे, हा सौजन्याचा पहिला धडा. वळायचे ते लवकर आणि ठळक वळावे. समोरच्याला दिसेल असे एकदाच वळणे हे थोडे थोडे करत दहा वेळा वळण्यापेक्षा बरे. शीडवाल्यानेही आपले वळण आयत्या वेळी घेऊ नये. मागे मोठी बोट असेल तर हात दाखवून किंवा ओरडून इशारा द्यावा.

लाटांचा त्रास खरोखर एवढा होतो का?

होतो, आणि बहुतेक कुरबुरींचे मूळ तेच असते. बोटीच्या मागे उठणारी लाट उंचीने दुप्पट झाली तर तिच्यातील ऊर्जा चौपट होते. स्पीडबोटीतल्या माणसाला ती जाणवतही नाही, कारण ती त्याच्या मागे असते. होडीत उभा राहून जाळे ओढणाऱ्याचा तोल मात्र तिच्यामुळे जातो. काठाला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात, फळ्या सैल होतात, बांध आणि खारफुटीखालची माती सुटते.

यात एक मेख आहे. वेग थोडासा कमी केला की लाट कमी होते, असे नाही. वेगवान बोट पूर्ण वेगात पाण्यावर उचलली जाते आणि अगदी संथ असताना पाण्यात शांत बसते. मधल्या वेगात ती नाक वर करून शेपटीने पाणी ढकलते, तेव्हा सर्वात मोठी लाट उठते. त्यामुळे होडीजवळ पोहोचल्यावर वेग अर्धा करणे हे सौजन्य वाटले तरी प्रत्यक्षात त्रासदायक ठरते. बऱ्याच आधी वेग पूर्ण उतरवायचा, होडी मागे पडेपर्यंत संथ जायचे, मगच वेग घ्यायचा. होडीवाल्यानेही लाट आडवी न घेता होडीचे तोंड लाटेकडे वळवले तर पाणी आत येत नाही.

इतर देशांत काय करतात?

व्हेनिसचे उदाहरण बोलके आहे. तिथे मोटरबोटींच्या लाटांनी जुन्या इमारतींचे पाये झिजू लागले. त्याविरोधात नागरिकांनी १९७५ मध्ये वल्ह्यांच्या नौकांची मोठी फेरी काढली. ‘व्होगालोंगा’ या नावाने ती आजही निघते. तिथल्या कालव्यांत वेगमर्यादा आहे. अमेरिकेत जेट्टी, पूल आणि वस्तीजवळ ‘लाट उठवू नका’ अशा पट्ट्या आखलेल्या असतात आणि आपल्या बोटीच्या लाटेने झालेल्या नुकसानीला चालक जबाबदार धरला जातो.

भोंगा आणि दिवे काय सांगतात?

रस्त्यावरचा हॉर्न ‘बाजूला हो’ म्हणतो. पाण्यावरचा भोंगा ‘मी काय करतोय’ ते सांगतो. एक छोटा भोंगा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे फिरवतोय. पाच किंवा अधिक म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही. पलीकडचे दिसत नाही अशा वळणावर एक लांब भोंगा. खाडीत पुलांचे खांब आणि वळणे बरीच असल्याने हा शेवटचा इशारा विशेष कामाचा.

रात्री बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. वल्ह्याच्या किंवा शिडाच्या अगदी लहान होडीला एवढे दिवे शक्य नसतील तर निदान पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवून ती वेळेत दाखवायची. दोनशे रुपयांची बॅटरी इथे जीव वाचवू शकते.

खाडीची स्वतःची गणिते कोणती?

मुंबई परिसरात मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि तिचा परिणाम खाडीत आतपर्यंत जाणवतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर येणाऱ्या बोटीला थांबणे अवघड, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला सोपे. त्यामुळे पुलाखालच्या अरुंद जागेत प्रवाहाविरुद्ध येणाऱ्याने थांबून दुसऱ्याला आधी जाऊ देणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट जाळ्यांची. पाण्यावर दिसणारे तरंडे किंवा काठीला बांधलेला झेंडा म्हणजे खाली जाळे आहे. त्यावरून बोट नेली तर मच्छीमाराचे जाळे फाटते आणि पंख्यात दोर अडकून बोटही बंद पडते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीबंदी असते, पण बिगरयांत्रिक होड्या तेव्हाही पाण्यात असतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

पुढे काय व्हायला हवे?

जेट्टी बांधणे हे काम सोपे, पाणी वाटून घेणे अवघड. प्रवासी फेऱ्या सुरू होण्याआधी मार्ग बोयांनी आखणे, जाळी कुठे लागतात याचा नकाशा गावांच्या मच्छीमार सोसायट्यांबरोबर बसून करणे, पूल आणि कोळीवाड्यांजवळ संथ पट्टे ठरवणे आणि लहान होड्यांना दिवे व लाइफ जॅकेट देणे ही चार कामे झाली तरी बरेच साधेल. ज्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला, तिथल्या काठच्या माणसांना पाण्याची वळणे, गाळ आणि वारा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. नव्या बोटींच्या चालकांनी पहिले काही दिवस एखाद्या जुन्या तांडेलाला शेजारी बसवले, तर नियमांच्या पुस्तकात नसलेले बरेच काही त्यांना कळेल.