एका दम्याचे अनेक दाह

सन २००० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या एका निबंधाने दम्याच्या अभ्यासकांचा मोठा हिरमोड केला. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतात आणि तिथे दाह माजवतात, हे तोवर सर्वमान्य झालं होतं. या पेशींची वाढ इंटरल्युकिन-५ या प्रथिनावर अवलंबून असते. तेच अडवलं तर दमा आटोक्यात येईल, असा सरळ हिशेब होता. सौम्य दम्याच्या २४ जणांवर तशा औषधाचा प्रयोग झाला. रक्तातले आणि थुंकीतले इओसिनोफिल घटले, पण ॲलर्जीचा पदार्थ हुंगवल्यावर श्वासनलिका पूर्वीइतक्याच आवळल्या. २००७ मध्ये ३६२ रुग्णांवरची मोठी चाचणीही फारसं काही हाती न देता संपली. इओसिनोफिलचा दम्याशी खरंच संबंध आहे का, इथवर शंका गेली.

दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तेच औषध दोन लहान चाचण्यांत यशस्वी ठरलं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या चाचणीत ६१ रुग्ण होते, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या चाचणीत अवघे २०. फरक होता तो रुग्णांच्या निवडीत. दोन्ही ठिकाणी भरपूर स्टेरॉईड घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल सापडत होते, असेच रुग्ण घेतले होते. लेस्टरमध्ये औषध मिळालेल्यांना वर्षभरात सरासरी दोन तीव्र झटके आले, न मिळालेल्यांना ३.४. हॅमिल्टनमध्ये रोजच्या प्रेडनिसोनच्या (स्टेरॉईडच्या) गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या.

दुसरा फरक मला याहून महत्त्वाचा वाटतो. लेस्टरच्या रुग्णांची फुंकण्याची क्षमता औषधाने फारशी सुधारली नव्हती, रोजची धापही फारशी कमी झाली नव्हती. कमी झाले ते झटके. म्हणजे आधीच्या चाचण्यांत रुग्ण सरसकट घेतले होते आणि मोजमापही चुकीच्या जागी चाललं होतं. नळी आवळणं ही एक गोष्ट, अस्तर पेटणं ही दुसरी. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण एकीच्या मापाने दुसरी मोजता येत नाही. ‘दमा’ या एका नावाखाली दोन्ही एकत्र मोजल्याने सरासरीत औषधाचा गुण बुडून गेला होता.

या घोळाचं उत्तर अर्धशतकापूर्वीच कागदावर उतरलेलं होतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५६ मध्ये जुनाट दम्यावर कॉर्टिसोनची चाचणी घेतली आणि फायदा जेमतेम आहे, असा निष्कर्ष काढला. डर्बी शहरातले छातीविकारतज्ज्ञ हॅरी मोरो ब्राउन यांना हे पटलं नाही. ते रुग्णाचा ताजा बेडका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल भरपूर, त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचा उत्तम गुण येई; ज्यांच्यात नसत, त्यांना येत नसे. १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच त्यांनी हे छापलं. पुढे १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन या पंपाने ओढून घ्यायच्या स्टेरॉईडवरचा सुरुवातीचा निबंधही याच ब्राउन यांचा.

गंमत नव्हे, दुर्दैव असं की त्या पंपानेच त्यांची काचपट्टी अडगळीत टाकली. पंप स्वस्त झाला, सुरक्षित ठरला आणि बहुतेकांना लागू पडला. मग कोणाला कोणता दाह आहे हे पाहण्याची निकड कोणालाच उरली नाही. उरले ते ज्यांना पंप पुरत नाही असे रुग्ण. दम्याच्या शंभरातले तीन ते दहा. मोठ्या मात्रेचा पंप, जोडीला आणखी औषध, ते नीट आणि नियमित घेऊनही ज्यांचा दमा काबूत येत नाही, त्यांच्या दम्याला तीव्र दमा म्हणतात. या रुग्णांना एकच उपाय मिळत राहिला, तो म्हणजे स्टेरॉईडची मात्रा वाढवणं. साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि ज्यांच्या अस्तरात इओसिनोफिल नव्हतेच त्यांनी हे सगळं बहुधा फुकट सोसलं. या विषयाच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त खुपणारी बाब हीच आहे.

थुंकीकडे पुन्हा नजर वळवण्याचं बरंचसं श्रेय हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या फ्रेडी हारग्रीव्ह यांच्या गटाला जातं. ज्यांना बेडका सहज येत नाही त्यांना खारट पाण्याची वाफ देऊन तो आणायचा आणि त्यातल्या पेशी मोजायच्या, ही पद्धत त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. १९९९ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला सॅली वेन्झेल यांनी तीव्र दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेचे तुकडे तपासले. वरून सारख्या दिसणाऱ्या या रुग्णांचे आतून दोन गट निघाले, एकात इओसिनोफिल होते, दुसऱ्यात नव्हते. २००२ मध्ये लेस्टरलाच ७४ रुग्णांचे दोन गट केले गेले. एकाचं औषध नेहमीसारखं लक्षणं पाहून ठरवलं, दुसऱ्याचं थुंकीतले इओसिनोफिल मोजून. वर्षभरात पहिल्या गटात १०९ तीव्र झटके आले, दुसऱ्यात ३५. नवं औषध काहीही नव्हतं. फक्त पाहून दिलं होतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या गटाने थुंकीवरून चार प्रकार मांडले: इओसिनोफिलचा, न्यूट्रोफिलचा, दोन्हींचा मिश्र आणि चौथा, ज्यात या पेशी फारशा नसतातच.

नंतरची कथा वेगवान आहे आणि बरीचशी औषध कंपन्यांची आहे. थुंकीऐवजी रक्तातल्या इओसिनोफिलवरूनही रुग्ण निवडता येतात असं दिसलं, आणि इंटरल्युकिन-५ अडवणाऱ्या त्याच औषधाला, मेपोलिझुमॅबला, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब, टेझेपेलुमॅब अशी रांगच लागली. बेनरालिझुमॅबच्या एका चाचणीत कायम गोळ्यांवर असलेल्या रुग्णांची स्टेरॉईडची मात्रा मध्यकाने ७५ टक्के उतरली.

मात्र ही प्रकारांची विभागणी वाटते तितकी घट्ट नाही. गोळ्या चालू असताना रक्त तपासलं तर इओसिनोफिल दडलेले असतात. एका तपासणीत ‘नाहीत’ म्हणून शिक्का बसलेल्या कित्येकांत पुढच्या तपासणीत ते सापडतात. म्हणून एकाच अहवालावर रुग्णाला कायमचं एका खणात टाकणं हाही जुन्याच सवयीचा नवा अवतार ठरेल.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘इस्नोफिलिया’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे, आणि त्याचा दम्याशी संबंध लावण्याची रीतही जुनी आहे. पण इथे रक्तातले इओसिनोफिल अनेक वाटांनी वाढतात. मदनपल्लीच्या आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी १९४० मध्ये क्षयासारख्या दिसणाऱ्या, पण इओसिनोफिल प्रचंड वाढलेल्या एका आजाराची नोंद केली. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं. रात्रीचा खोकला, धाप, छातीतली शिट्टी ही लक्षणं दम्याचीच, पण मूळ हत्तीरोगाच्या जंतात. उपाय स्टेरॉईड नव्हे, डायइथाइलकार्बामाझिन. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही. पोटात स्ट्राँगिलॉइडिस जंत असताना स्टेरॉईड दिलं तर जंत अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीनेही इओसिनोफिल वाढतात. या आजारावर चंदीगडच्या पीजीआयमध्ये वर्षानुवर्षं काम झालं आहे. परदेशात ठरलेला रक्तातला आकडा इथे जसाच्या तसा लावला तर जंताच्या रुग्णाला महागडं इंजेक्शन मिळायचं.

इंजेक्शन परवडणारे इथे मूठभरच आहेत. त्यामुळे मला आधी हवी आहे ती साधी शिस्त: स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्तातल्या पेशींची मोजणी. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते आणि थोडक्या पैशांत होते. थुंकीचं काम अवघड आहे. बेडका ताजा असतानाच हाताळावा लागतो आणि पेशी ओळखणारा तयार माणूस लागतो. पण क्षयासाठी बेडका तपासणारी सूक्ष्मदर्शकं आणि तंत्रज्ञ राज्यभर आहेत. त्यांतल्या काहींना इओसिनोफिल ओळखायला शिकवणं अशक्य आहे असं मला वाटत नाही.

सर्वांत उपेक्षित राहिले ते इओसिनोफिल नसलेले रुग्ण. इंटरल्युकिन-१७ रोखणाऱ्या ब्रोडालुमॅबची दम्यावरची चाचणी २०१३ मध्ये निष्फळ ठरली. न्यूट्रोफिलना अडवणारी इतर औषधंही टिकली नाहीत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ४२० रुग्णांच्या चाचणीत ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आठवड्यातून तीनदा असं ४८ आठवडे दिलं, तेव्हा इओसिनोफिल असलेल्या आणि नसलेल्या दोघांचेही झटके घटले. दोघांचेही का, याचा उलगडा अजून झालेला नाही. भारतात ते इतके महिने देण्याआधी छातीत क्षय किंवा क्षयासारखा दुसरा जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावंच लागतं, आणि त्यासाठीही पुन्हा बेडकाच तपासावा लागतो.