फ्यूजवर फक्त अँपिअर वाचताय? मग पॅनेलचं कोटेशन थोडं थांबवा!

पॅनेल बनवण्याचा किंवा इलेक्ट्रिकल सामान विकण्याचा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. व्हिडिओत हिशोब जरा घाईत झाला होता, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो. साताऱ्यात दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. कूपवाड एमआयडीसीतला एक पॅनेलवाला यादी घेऊन आला. तासगावजवळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम होतं. यादीत 100 अँपिअर, 25 केएचा एमसीसीबी होता. माझ्याकडे 10 केएचा पडून होता आणि तो स्वस्तही होता. मी म्हटलं, "शंभर म्हणजे शंभर, चालतंय की!" त्यानेही पैसे वाचले म्हणून घेतला.

दोन महिन्यांनी केबलच्या टोकाला शॉर्ट झाला. एमसीसीबी ट्रिप होण्याऐवजी फुटला. समोर उभ्या असलेल्या वायरमनचा हात भाजला. जीव वाचला हे नशीब. ते गिऱ्हाईक तर गेलंच, पण तो हात आजही डोळ्यासमोर येतो.

मग चुकलं कुठे?

फ्यूज असो, एमसीबी असो की एमसीसीबी, त्यावर तीन आकडे असतात. आपण एकच वाचतो.

1. अँपिअर. रोजच्या कामात किती करंट सतत वाहू शकतो, ते हा आकडा सांगतो. हा सगळ्यांना कळतो.

2. व्होल्ट. फ्यूजची तार वितळली म्हणजे काम संपलं असं नाही. तुटलेल्या दोन टोकांमध्ये ठिणगी पेटलेली राहते. ती विझवायची ताकद किती व्होल्टपर्यंत आहे, ते हा आकडा सांगतो. एचआरसी फ्यूजच्या आत बारीक वाळू भरलेली असते, ती याच कामासाठी. 500 व्होल्टचा फ्यूज 415 व्होल्टच्या लाइनवर चालतो. पण 250 व्होल्टचा काचेचा फ्यूज दोन फेजमधून घेतलेल्या 415 व्होल्टच्या कंट्रोल सर्किटला लावू नका.

सोलरचं काम घेणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. आपला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसीमध्ये तसं होत नाही. म्हणून पॅनेलच्या स्ट्रिंगला एसीचा फ्यूज चालत नाही. डीसी व्होल्ट लिहिलेला, सोलरसाठीचा 'जीपीव्ही' प्रकारचाच फ्यूज हवा.

3. केए, म्हणजे किलोअँपिअर. शॉर्ट सर्किट झाल्यावर किती करंट न फुटता तोडता येईल, त्याची ही मर्यादा. माझी चूक इथेच झाली.

हिशोब करून बघू

त्या कोल्ड स्टोरेजला स्वतःचा 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे आपल्या भाषेत डीपी. नेमप्लेटवर 433 व्होल्ट आणि इम्पिडन्स 4.5 टक्के.

फुल लोड करंट: 630000 ÷ (1.732 × 433) = साधारण 840 अँपिअर.
शॉर्ट सर्किट करंट: 840 ÷ 0.045 = साधारण 18,700 अँपिअर, म्हणजे 18.7 केए.

आणि मी दिला होता 10 केएचा! पॅनेल डीपीच्या शेजारीच होतं, त्यामुळे करंट कमी करायला मध्ये लांब केबलही नव्हती. तेवढ्याच इम्पिडन्सच्या 100 केव्हीएच्या डीपीवर हाच आकडा साधारण 3 केए येतो. म्हणून गावातल्या छोट्या गिरणीत जे वर्षानुवर्षं चाललं, ते कारखान्यात चालेलच असं नाही.

कोटेशन देण्याआधी एवढं करा

- डीपी किती केव्हीएचा आणि इम्पिडन्स किती टक्के, नेमप्लेटचा फोटो मागवा.
- डीपीपासून पॅनेलपर्यंत केबल किती लांब आणि किती जाड, ते विचारा.
- कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूपुढे अँपिअर, व्होल्ट आणि केए तिन्ही लिहा.
- नुसत्या इनकमरवर समाधान मानू नका. बसबार आणि आतली बाकीची उपकरणंही तेवढा शॉर्ट सोसणारी हवीत. एक कच्चं राहिलं की अख्खं पॅनेल कच्चं.
- आकडा काठावर असेल, तर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर किंवा इंजिनिअरकडून तपासून घ्या. वरचा हिशोब अंदाजासाठी आहे.

गिऱ्हाईक म्हणेल, "शेजारचा स्वस्तात देतोय." भांडू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, त्यांच्या कोटेशनवर केए लिहून आणा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू." दर वेळी ऑर्डर मिळेलच असं नाही. पण समोरच्याला कळतं, की हा माणूस नुसतं सामान विकत नाही, कामही जाणतो.

आज दुकानात गेलात की शेल्फवरचे पाच फ्यूज आणि पाच एमसीबी हातात घ्या आणि तिन्ही आकडे वहीत उतरवून काढा. शिकायची सुरुवात तिथूनच होते.