कुलूपबंद फ्लॉपीची नक्कल

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्याचे हवामान जुन्या कागदपत्रांना जितके प्रतिकूल, तितकेच, किंबहुना अधिकच, चुंबकीय फ्लॉपीला प्रतिकूल आहे. मृगापासून चार महिने भिंतींतून पाझरणाऱ्या ओलीने लोह-ऑक्साइडच्या पातळ लेपावर बुरशी धरते, आणि अशी फ्लॉपी न पुसता ड्राइव्हमध्ये घातली की उरलासुरला मजकूरही खरवडून निघतो. आता अशा फ्लॉप्या आपल्याकडे असणार तरी किती? 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम या संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती या देशात विकली. तरी घरगुती संगणक ही चीज आपल्याकडे थोड्याच घरांनी पाहिली. ज्यांच्या माळ्यावर परदेशस्थ आप्ताने आणलेल्या कमोडोर, अ‍ॅपल किंवा अमिगाच्या खेळांच्या फ्लॉप्या आजही पडून असतील, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

या फ्लॉप्यांची नक्कल सहजासहजी होत नाही, कारण ती होऊ नये अशीच तजवीज निर्मात्यांनी करून ठेवली होती. अ‍ॅपलच्या सामान्य फ्लॉपीवर 35 ट्रॅक (वर्तुळाकार मार्ग) आणि प्रत्येक ट्रॅकवर 16 सेक्टर (तुकडे) असत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाच्या 1989 सालच्या अ‍ॅपल आवृत्तीत मात्र रोलंड गुस्टाफसन यांनी ट्रॅकमागे 18 सेक्टर बसवले होते, ज्यांचा अर्थ नेहमीच्या नक्कल-प्रोग्रॅमला लागत नसे. काही खेळांत याहून विलक्षण युक्ती असे: एखाद्या जागेचे चुंबकत्व मुद्दाम इतके संदिग्ध ठेवीत, की ती जागा दर वाचनात निराळीच उमटे, खेळ सुरू होताना तेथे दोनदा वाचून पाही, आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आले तर फ्लॉपी नकली ठरवून स्तब्ध होई. नकलनवीसाने सनदेचा मजकूर बरहुकूम उतरवावा पण शिक्क्याची जागा कोरी सोडावी, तशी साध्या नकलेची गत होते. (आपल्याकडच्या संगणकवर्गांत ज्या पिढीने हाच प्रिन्स डॉसवर खेळला, तिला पहिली पातळी संपताच विचारले जाणारे पुस्तिकेतले अक्षर आठवत असेल, ते कुलूप फ्लॉपीवर नव्हे, कागदावर होते.)

म्हणून आज जाणकार मजकूर वाचण्याच्या भरीस न पडता, फ्लॉपीवरील चुंबकीय दिशा किती काळाने पालटते ती अंतरेच टिपून घेतात. ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स हे छोटे उपकरण जुन्या ड्राइव्हला जोडून प्रत्येक ट्रॅकचे अनेक फेरे नोंदवले जातात, कारण संदिग्ध जागा एका फेऱ्यात ओळखू येत नाही. रूपांतराचा विचार त्यानंतर. कमोडोरची डी64 किंवा अमिगाची एडीएफ फाइल सुव्यवस्थित सेक्टरांचाच हिशेब ठेवते, सबब कुलूपबंद खेळ तीत उतरवला तर एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) बहुधा चालत नाही. अ‍ॅपलसाठी वॉझ, कमोडोरसाठी जी64 आणि अमिगासाठी आयपीएफ ही रूपे मूळची वैगुण्येही सांभाळतात. कुलूप तोडलेल्या प्रती पुष्कळ मिळतात खऱ्या, परंतु त्यांत तोडणाऱ्यांनी स्वतःची नावे घुसडलेली असतात. अस्सल दस्तऐवज म्हणून त्यांची किंमत माझ्या मते शून्य.

हे कायद्याला मंजूर आहे काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नाश वा बिघाडापासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, त्या हेतूवाचून नव्हे. अर्थात मित्राकडून उसनी आणलेली फ्लॉपी या सवलतीत बसत नाही, आणि केलेली प्रत वाटणे तर नाहीच.

तेव्हा ज्यांच्याकडे असा ऐवज असेल त्यांनी येता पावसाळा लागण्यापूर्वी तो माळ्यावरून उतरवावा, सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी, बुरशी दिसल्यास ड्राइव्हमध्ये न घालता जाणकाराकडे सोपवावी, आणि सोबतची पुस्तिका रद्दीत मुळीच देऊ नये.